नकाराची तबकडी : सेक्स पिस्टल्सचा एकुलता संग्रह आणि त्याचा वारसा

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' आणि 'विद्रोह' हे दोन शब्द इतक्या सहजपणे जोडीने उच्चारले जातात की त्यांच्यातील अंतर तपासण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. लादलेले झिडकारणे म्हणजे नकार. झिडकारलेल्या व्यवस्थेच्या जागी काय उभे करायचे याचे भान ठेवून केलेला उठाव म्हणजे विद्रोह. नकार हा विद्रोहाचा आरंभ असतो हे खरे. पण प्रत्येक नकार विद्रोहापर्यंत पोहोचतोच असे नाही. वाटेत त्याला गिऱ्हाईक भेटते, व्यवस्थापक भेटतो, संग्रहालय भेटते. या वाटेचा नकाशा आपल्याला हवा असेल तर एका परक्या मुलखातील उदाहरण तपासणे उपयोगाचे ठरेल. ते उदाहरण म्हणजे सेक्स पिस्टल्स या इंग्रज पंक वाद्यवृंदाचा एकमेव पूर्ण संग्रह, 'नेव्हर माइंड द बोलॉक्स, हिअर्स द सेक्स पिस्टल्स'. २८ ऑक्टोबर १९७७ रोजी तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अडीच महिन्यांत हा वृंद फुटला.

या उदाहरणाचा आणि आपल्या चळवळीचा थेट संबंध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. दलित पँथर मुंबईत १९७२ साली स्थापन झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. लंडनच्या पोरांचे तेव्हा कुणी नावही ऐकलेले नव्हते. त्यांनाही आपली खबर नव्हती. तरीही खालच्या थरातील तरुण तोंड उघडतो तेव्हा प्रस्थापित समाज त्याच्याशी कसा वागतो, याचे काही नियम दोन्ही ठिकाणी सारखेच दिसतात. ते नियम आपण ओळखले पाहिजेत.

१

आधी ही मुले कोण होती ते पाहू. गायक जॉन लायडन याचा जन्म १९५६ साली लंडनमध्ये, आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबात झाला. बाप क्रेन चालवणारा. घर दोन खोल्यांचे, संडास बाहेर. वयाच्या सातव्या वर्षी त्याला मेंदूज्वर झाला, वर्षभर तो रुग्णालयात होता आणि बाहेर आला तेव्हा त्याची स्मृती गेलेली होती. गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह जोन्सला धड लिहिता-वाचता येत नव्हते. चोऱ्यामाऱ्या करीत तो वाढला. पॉल कुक हा त्याचा शाळासोबती. लायडनच्या आईबापांच्या पिढीने इंग्लंडमध्ये भाड्याची खोली शोधताना आयरिश, काळे आणि कुत्रे यांना एकाच ओळीत बसवणाऱ्या पाट्या पाहिल्या होत्या. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातच लायडनने ती पाटी घातली आहे.

म्हणून आयरिश कामगार म्हणजे इंग्लंडचा अस्पृश्य असे समीकरण मात्र मांडता येणार नाही. आयरिश माणूस उच्चार बदलून, आडनाव बदलून दोन पिढ्यांत मिसळून जाऊ शकतो. जात अशी पुसता येत नाही. जात चोरणाऱ्याचे काय होते ते बाबुराव बागूलांनी १९६३ सालीच दाखवून ठेवले आहे. तेव्हा येथे साम्य आहे ते अपमानाच्या चवीचे. दोहोंच्या सामाजिक रचना मात्र वेगळ्या आहेत.

त्या वेळचे इंग्लंडही लक्षात घेतले पाहिजे. १९७६ साली त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावा लागला. बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती. शाळा सोडलेल्या कामगारपोराला बापाची नोकरी मिळेल याची खात्री उरली नव्हती. त्याच वेळी रस्त्यावर वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटचे मोर्चे निघत होते. आणि अशा देशात १९७७ च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा होणार होता. पताका, बँड, गल्लोगल्ली पंगती. उपाशी घरावर तोरण बांधण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही.

२

या वृंदाभोवती उठलेल्या गदारोळाचा इतिहास मासलेवाईक आहे. १ डिसेंबर १९७६ रोजी संध्याकाळच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सूत्रसंचालक बिल ग्रंडी याने मुलांना डिवचले आणि त्यांच्यासोबत आलेल्या एका तरुणीशी लघळपणा केला. त्यावर जोन्सने त्याला चार शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे मथळे शिव्यांवर होते. थोराड माणसाच्या लघळपणावर नव्हते. त्यांच्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम नगरपालिकांनी आणि नाट्यगृहांनी रद्द केले. वेल्समधील केअरफिली येथे कार्यक्रम झाला तर बाहेर गावकरी निषेधार्थ ख्रिस्ती स्तोत्रे गात उभे राहिले. ई.एम.आय. कंपनीच्या कारखान्यात कामगारांनीच त्यांची तबकडी हाताळायला नकार दिला. प्रस्थापितांची मूल्ये शोषितांच्याच हातून राखली जातात, याचे याहून स्वच्छ उदाहरण कोणते?

जानेवारी १९७७ मध्ये ई.एम.आय.ने करार मोडला. मार्चमध्ये ए अँड एम कंपनीने बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल मांडून करार केला आणि आठवडाभरात तोही मोडून छापलेल्या बहुतेक तबकड्या नष्ट केल्या. शेवटी मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने त्यांना घेतले आणि ऐन महोत्सवाच्या तोंडावर 'गॉड सेव्ह द क्वीन' हे गीत बाजारात आले. त्याचे नाव राष्ट्रगीताचे आणि आशय त्याच्या नेमका उलटा. बी.बी.सी.ने बंदी घातली, मोठ्या दुकानांनी ते ठेवले नाही, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. काही याद्यांत त्या जागी नावाऐवजी कोरी जागा होती. गाणे विकले जाते आहे, पण त्याचे नाव उच्चारायचे नाही. खुद्द लायडनवर रस्त्यात चाकूहल्ला झाला.

येथे आपल्या वाचकाला 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकातील राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आठवल्याशिवाय राहणार नाही. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायद्यात किती शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला प्रत्यक्षात किती, हा त्या लेखातील सवाल होता. महाराष्ट्रातील सुसंस्कृत जगाने दुसरा भाग ऐकलाच नाही. ध्वजाच्या शब्दावरच ते पेटले. प्रतीक दुखावले की समाज जागा होतो, माणूस दुखावला की कूस बदलून झोपतो. हा नियम लंडनमध्येही तोच.

फरक मात्र नोंदवला पाहिजे. ढाल्यांच्या लेखाला हिशेब होता. एका बाजूला अपमान, दुसऱ्या बाजूला शिक्षा, आणि त्यातून निघणारा सरळ प्रश्न. पिस्टल्सच्या गीतात संताप आहे, उपहास आहे, भविष्य नसल्याची घोषणा आहे, मागणी नाही. भविष्य नाही असे म्हणणे ही त्या मुलांची प्रामाणिक भावना होती. पण ज्याच्या पूर्वजांना भविष्य कधीच नव्हते त्याला ही घोषणा पुरत नाही. त्याला भविष्य घडवावे लागते.

३

आता संग्रहाकडे कलाकृती म्हणून पाहू. त्यात बारा गीते आहेत. 'अॅनार्की इन द यू.के.', 'गॉड सेव्ह द क्वीन', 'प्रिटी व्हेकन्ट' आणि 'हॉलिडेज इन द सन' ही आधी सुटी निघालेली गीतेही त्यात आहेत. या मुलांना वाजवता येत नव्हते, हा सगळा गोंगाट होता, असा समज त्यांच्या निंदकांनी आणि भक्तांनी मिळून पसरवला. तो खोटा आहे. ध्वनिमुद्रण क्रिस टॉमस आणि बिल प्राइस या कसलेल्या माणसांनी केले. जोन्सची गिटार थरावर थर चढवून घेतलेली आहे. बास वाजवणारा ग्लेन मॅटलॉक फेब्रुवारी १९७७ मध्ये बाहेर पडला होता. त्याच्या जागी आलेल्या सिड व्हिशसला वाद्य फारसे येत नसल्याने बासही बहुतांशी जोन्सनेच वाजवला. निरक्षर म्हणून हिणवलेल्या या पोराने संग्रहाची भिंत विटेवर वीट ठेवून बांधली आहे. आपल्याकडेही दलित लेखनाला 'कच्चे', 'अनघड', 'केवळ अनुभव' म्हणण्याची समीक्षकी सवय आहे. अनुभव आपोआप कागदावर उतरत नाही. त्याला हात लागतो. अनघडपणाचे कौतुक हा कौशल्य नाकारण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

दुसरी गोष्ट उच्चाराची. त्यापूर्वीचे बहुतेक इंग्रज रॉक गायक अमेरिकन वळणाने गात. लायडनने तो उच्चार टाकला. लंडनच्या गल्लीतील स्वर, ताणलेले, तिरकस, 'र' घोळवणारे, त्याने जसेच्या तसे गाण्यात आणले. प्रमाणभाषेच्या ओसरीवर बसून बोलीत लिहायची हिंमत करणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको. 'रॉटन', म्हणजे कुजका, हे त्याचे नाव किडलेल्या दातांवरून जोन्सने पाडलेले. ते त्याने मिरवले. आपल्या आजोबांची नावे कचरू, दगडू, धोंड्या अशी होती. ती पाडणाऱ्यांना फेकून मारता आली नाहीत. 'हरिजन' हे नाव मात्र आपण परत केले आणि 'दलित' हे स्वतः निवडले. नावाची निवड हा राजकीय व्यवहार आहे, हे त्या पोराला शिकवावे लागले नाही.

मुखपृष्ठ जेमी रीड याचे. भडक पिवळा रंग, गुलाबी पट्टी, वृत्तपत्रांतून कापल्यासारखी वेडीवाकडी अक्षरे. अपहरण करणाऱ्याने खंडणीसाठी पाठवलेल्या चिठ्ठीसारखी. शीर्षकातील 'बोलॉक्स' या शब्दाचा अर्थ वृषण. बोलीत त्याचा अर्थ फालतू बडबड. नॉटिंगहॅममधील एका दुकानाच्या काचेत हे मुखपृष्ठ लावले म्हणून पोलिसांनी दुकानाच्या व्यवस्थापकाला पकडले आणि १८८९ च्या अश्लील जाहिरातविषयक कायद्याखाली खटला भरला. नोव्हेंबर १९७७ मध्ये तो चालला. बचावाला जॉन मॉर्टिमर हा नामांकित वकील उभा राहिला आणि साक्षीला नॉटिंगहॅम विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्सली. हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, एके काळी तो धर्मोपदेशकाला उद्देशूनही वापरला जात असे, अशी साक्ष त्यांनी दिली. न्यायाधीशांनी नाइलाज असल्याचे बोलून दाखवत आरोपीला सोडले.

खटला जिंकला याचा आनंद मानताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. गल्लीतील शब्द निर्दोष ठरला तो त्याला विद्यापीठाचा दाखला मिळाला म्हणून. पोरांच्या तोंडी तो अश्लील आणि प्राध्यापकाच्या तोंडी भाषाशास्त्र. 'गोलपिठा' १९७२ साली निघाला तेव्हा त्यालाही विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. तेंडुलकरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नामदेव ढसाळांचे जग पांढरपेशा वाचकापुढे ठेवण्याचे काम त्यांनी मनापासून केले. पण आपल्या शब्दाला साक्षीदार लागतो, ही परिस्थिती अपमानाचीच आहे. आणि ज्या कायद्याने शब्द तपासले जातात तो तिकडचाच. भारतीय दंड संहितेतील २९२ वे कलम आता न्याय संहितेत २९४ वे झाले. क्रमांक बदलला, पण अश्लील काय हे ठरवणारी नजर वसाहतीच्या काळातली ती तशीच आहे.

४

या संग्रहाचे दोष सांगण्यात कुचराई करता कामा नये. 'बॉडीज' हे गीत घ्या. मनोरुग्णालयातून आलेल्या एका मुलीच्या गर्भपाताविषयीचे हे गीत आहे. त्यात भीती आहे, पण त्याहून अधिक किळस आहे, आणि ती किळस शेवटी त्या मुलीच्याच देहावर सांडते. राणीला आव्हान देणारा पुरुष सर्वांत दुबळ्या बाईपुढे उभा राहिला की त्याचा विद्रोह कुठे जातो? हा प्रश्न आपल्या घरातही विचारला गेला आहे. बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांनी तो विचारला, आणि आपल्यापैकी अनेकांना तो झोंबला.

दुसरा दोष अधिक गंभीर. सिड व्हिशस अंगावर स्वस्तिकाचे नाझी चिन्ह घालून फिरत असे. वडीलधाऱ्यांना धक्का द्यायचा, एवढाच हेतू होता असे समर्थन केले जाते. पण लाखो माणसांना मारणाऱ्यांचे चिन्ह धक्क्यासाठी वापरणे ही बंडखोरी नव्हे, तो बेजबाबदारपणा आहे. तेही अशा वेळी, जेव्हा नॅशनल फ्रंटचे लोक काळ्या आणि आशियाई वस्त्यांवर चालून जात होते. जून १९७६ मध्ये साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला होता. त्या वस्तीतील माणसाला हे चिन्ह गंमत म्हणून पाहता येणे शक्य नव्हते. तत्त्वज्ञान नसलेला नकार शत्रूची हत्यारेही खेळणी म्हणून उचलतो.

तिसरी गोष्ट मालकीची. वृंदाचा व्यवस्थापक माल्कम मॅकलॅरेन कलाशाळेत शिकलेला, किंग्ज रोडवर व्हिव्हिअन वेस्टवूडसोबत कपड्यांचे दुकान चालवणारा. मुलांचा संताप खरा होता, पण तो कुठे, कधी आणि किती किमतीला दाखवायचा हे मॅकलॅरेनला ठरवायचे होते. पुढे १९८० च्या चित्रपटात त्याने हे सारे आपणच रचलेली फसवणूक म्हणून मांडले. १४ जानेवारी १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील शेवटच्या कार्यक्रमात, फसवले गेल्यासारखे वाटते का, असे लायडनने श्रोत्यांना विचारले होते. तो प्रश्न त्याने स्वतःलाही विचारला असणार. पैशासाठी त्याला न्यायालयात जावे लागले आणि १९८६ साली हक्क मुलांच्या हाती आले. व्हिशस तोवर जिवंत नव्हता. फेब्रुवारी १९७९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, हेरॉईनने तो गेला.

५

मग या संग्रहाचा वारसा कोणता? तो शोधायचा तर तबकडीच्या बाहेर जावे लागेल. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये पिस्टल्सचा कार्यक्रम झाला तेव्हा श्रोते जेमतेम चाळीस-पन्नास होते. कार्यक्रम भरवणाऱ्या दोन तरुणांनी बझकॉक्स हा वृंद काढला आणि सुमारे पाचशे पौंड उसनवारीने जमवून जानेवारी १९७७ मध्ये स्वतःची तबकडी स्वतः छापली. श्रोत्यांतील दोघांनी पुढे जॉय डिव्हिजन काढला. त्याच उन्हाळ्यात बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरी या तरुणाने 'स्निफिन ग्लू' हे टंकलिखित, झेरॉक्स केलेले पत्रक सुरू केले. सायक्लोस्टाइल यंत्रावर 'येरू'सारखी अनियतकालिके काढणाऱ्यांना या शाईचा वास ओळखीचा वाटेल. मोठी कंपनी नको, संपादकाची मेहेरबानी नको. आपले आपण छापायचे. पिस्टल्स स्वतः मात्र मोठ्या कंपन्यांकडेच गेले. त्यांच्याकडे पाहून इतरांनी घेतलेला धडा त्यांनी स्वतः गिरवला नाही, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आवाज ज्यांच्यासाठी नव्हता त्यांनीही तो उचलला. सोमाली बाप आणि गोरी आई यांच्या पोटी जन्मलेल्या पॉली स्टायरिनने एक्स-रे स्पेक्स काढला आणि १९७८ मध्ये बाईच्या देहाचा बाजार मांडणाऱ्या व्यवस्थेवर संग्रह दिला. १९७६ मध्ये गायक एरिक क्लॅप्टनने व्यासपीठावरून वंशद्वेषी बडबड केली, त्याला उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी तिने ट्रॅफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत प्रचंड मोर्चा नेला. तेथे पंक आणि काळ्यांचे रेगे एकाच व्यासपीठावर वाजले. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने करताना ब्लेअर पीच हा शिक्षक पोलिसांच्या माराने मेला. त्याच सुमारास दक्षिण लंडनमधील पाकिस्तानी वंशाच्या तरुणांनी एलियन कल्चर हा वृंद काढला. परक्या संस्कृतीचे लोक आपल्याला बुडवतील असे मार्गारेट थॅचर १९७८ मध्ये म्हणाल्या होत्या. ते 'परकेपण'च त्यांनी नाव म्हणून घेतले. नकार येथे विद्रोहाच्या दिशेने सरकलेला दिसतो, कारण येथे त्याला वस्ती मिळाली, शत्रू नेमका मिळाला आणि संघटना मिळाली.

६

उरलेली कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्ये वृंद पुन्हा एकत्र आला तो पैशासाठी, आणि तसे त्यांनी उघड सांगितले. २००६ मध्ये अमेरिकेतील रॉक संगीताच्या संग्रहालयाने सन्मान देऊ केला, तो त्यांनी तिरस्काराचे पत्र पाठवून नाकारला. पण २००८ मध्ये लायडन लोण्याच्या जाहिरातीत दिसला. २०१५ मध्ये त्या पिवळ्या मुखपृष्ठाचे चित्र व्हर्जिनच्या क्रेडिट कार्डावर आले. पुढे लायडन डोनाल्ड ट्रम्पचा समर्थक झाला आणि २०२१ मध्ये गाण्यांच्या वापरावरून जोन्स आणि कुक यांच्याविरुद्धचा खटला हरला.

महात्मा फुल्यांनी १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले होते. तेही पत्र कडक होते. पण त्यात कारण होते: ज्यांच्या ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांच्या जगण्याचा मेळ नाही त्यांच्या सभेत आम्ही का यावे? नाकारल्यावर फुले गप्प बसले नाहीत. सत्यशोधक समाज होता, शाळांचा अनुभव होता, पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहायचा होता. नकारामागे घर होते.

पिस्टल्सनाही अशा घराची एकदा चाहूल लागली होती. २५ डिसेंबर १९७७ रोजी हडर्सफील्ड येथे त्यांनी संपावर असलेल्या अग्निशामक कामगारांच्या मुलांसाठी कार्यक्रम केला, त्यांना केक आणि भेटी वाटल्या. त्या काळातला इंग्लंडमधील हा त्यांचा शेवटचा दिवस. देशभर ज्यांना राक्षस ठरवले होते ती पोरे संपकऱ्यांच्या लेकरांत हसतखेळत होती. महाडला मनुस्मृती जाळली त्याला त्याच दिवशी पन्नास वर्षे होत होती. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. तुलना मात्र करावी. महाडला आग लावली गेली तशीच माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांची घोषणाही त्याच परिषदेत केली गेली. बाबासाहेबांनी 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंत आपली पत्रे आपल्या हाती ठेवली. आणि १९५६ मध्ये जुना धर्म सोडला तो रिकाम्या हातांनी नव्हे, बुद्धाचा धम्म हाती घेऊन.

म्हणून 'नेव्हर माइंड द बोलॉक्स' हा संग्रह आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावा. त्यातील आवाज खरा आहे, त्याची बांधणी पक्की आहे आणि तो ऐकून शेकडो मुक्यांना वाचा फुटली, हे त्याचे श्रेय कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण ऐकताना काही प्रश्न जवळ ठेवावेत. हा संताप कुणाच्या मालकीचा आहे? तो कुणाच्या देहावर उतरतो आहे? आणि जाळून झाल्यावर उद्या सकाळी वस्तीत काय उभे करायचे, याचे उत्तर त्याच्याकडे आहे काय? आपल्या कवितेला, आपल्या गाण्याला, आणि आज रॅप म्हणून आपल्या वस्त्यांतील पोरे जे म्हणू लागली आहेत त्यालाही, हेच प्रश्न विचारावे लागतील. क्रेडिट कार्डावर छापता येईल असा विद्रोह आपल्याला नको आहे.